फ्रिजवरच्या तसबिरी

बुद्धपौर्णिमेची खीर तळाला लागली. त्याचं खापर राणीने पुढे वर्षभर घरातल्या प्रत्येकावर थोडं थोडं फोडलं, पण खरं सांगायचं तर त्या वेळी स्वयंपाकघरात ती एकटीच होती. डाव पातेल्यात होता आणि मन सिंगापूरच्या पार दुसऱ्या टोकाला, सेम्बावांगला. चौथ्या मजल्यावरचा तो विकायला काढलेला फ्लॅट तिने रविवारी पाहिला होता, आणि तेव्हापासून ती मनाने तिथे राहायलाच गेली होती. हॉलमध्ये शिरल्याबरोबर समोर मोठी भिंत, भिंतीभर मालकाच्या घरच्यांचे फोटो, आणि शेजारच्या खिडकीतून येणारा वारा. निघताना तिने त्या भिंतीला हळूच हात लावून पाहिला होता. मालक मिस्टर सिम हसले होते. म्हणाले होते, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.

आज गुरुवार होता. आणि आजच दुपारी इथली घरमालकीण, मिसेस गोह, बिशानच्या या फ्लॅटचा नवा करार घेऊन यायची होती. आणखी दोन वर्षांचा. म्हणजे आज कुठेतरी एकीकडे 'हो' म्हणायचं होतं. तिचा नवरा उज्ज्वल कुठे म्हणणार, हे सांगायला राणीला ज्योतिषी नको होता. मिसेस गोहसमोर त्याच्या तोंडून 'हो'शिवाय दुसरा शब्द गेल्या सहा वर्षांत निघाला नव्हता.

"लागली गं," मीराबाई दारातूनच म्हणाल्या.

"लागली नाही आई, जरा धरलीय."

"धरलीय म्हणजे लागलीच. ढवळू नकोस. वरची वर दुसऱ्या पातेल्यात काढून घे." मीराबाईंनी पदर खोचला आणि सुनेच्या हातून डाव घेतला. "कुठे होतं लक्ष? त्या खलाशाच्या घरात ना?"

"खलाशी नाहीत ते. शिपयार्डात वेल्डर होते. आता मुलीकडे राहायला चाललेत."

"तेच ते."

राणी हसली. सासूबाई आणि आबा विश्रांतवाडीहून दोन महिन्यांसाठी आले होते, त्यातला सव्वा महिना संपला होता, आणि या सव्वा महिन्यात सासू-सुनेचं असं काही सूत जमलं होतं की घरातल्या पुरुषांना त्याचा पत्ताच नव्हता. रविवारी फ्लॅट बघायला राणी मीराबाईंनाच घेऊन गेली होती. घरी सांगितलं होतं, भाजी आणायला जातो. परत येताना भाजीच आणायला विसरल्या, ही गोष्ट वेगळी.

"आई, हे नाहीच म्हणाले तर?"

मीराबाईंनी फ्रिजकडे पाहिलं. सकाळच्या वंदनेसाठी पांढऱ्या कपड्यावर, खुर्चीवर मांडलेल्या दोन तसबिरी, बुद्धांची आणि बाबासाहेबांची, पुन्हा त्यांच्या नेहमीच्या जागी, म्हणजे फ्रिजवर, जाऊन बसल्या होत्या. भाड्याच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. म्हणून सहा वर्षं त्या तिथेच होत्या. लेकीने, ऋचाने, दार जोरात लावलं की दोन्ही तसबिरी थरथरायच्या आणि राणीचा जीव वरखाली व्हायचा. देवाधर्माचं अवडंबर तिला कधीच नव्हतं. पण ज्यांच्यामुळे आपण माणसांत आलो त्यांना दूध-अंड्यांच्या डोक्यावर बसवायचं, हे तिला रोज टोचत होतं.

"चल," मीराबाई म्हणाल्या. "वाट्या घे. पुरुष माणसं पोटात गोड गेल्यावर जरा ऐकतात."

*

हॉलमध्ये आबा, म्हणजे शिवदास, आरामखुर्चीत बसून दोन मुलांची जुगलबंदी ऐकत होते. चाळीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत यंत्रांच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कुठल्याही गोंगाटात निवांत बसता यायचं.

धाकटा रत्नदीप सकाळीच सेरंगूनहून आला होता. तिथे मोठ्या मॉलच्या मागे एका खोलीत तो भाड्याने राहायचा, दिवसभर प्रयोगशाळेत काम करायचा आणि लग्नाचा विषय निघाला की चहा करायला उठायचा. कशाचाही छडा लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. थोरल्या भावाच्या घरभाड्याचाही त्याने आता छडा लावला होता.

"दादा, मी या ब्लॉकमध्ये विचारून आलो. एवढ्याच खोल्या, एमआरटीचं स्टेशन एवढंच जवळ, सामान असंच. कोणी एकवीसशे डॉलर देतंय, कोणी बावीसशे. मिसेस गोह दोन हजार म्हणतेय. म्हणजे यंदाचं भाडं वाजवी आहे. उलट थोडं स्वस्तच."

उज्ज्वलचा चेहरा फुलला. "मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"थांब, पुढचं ऐक. सार्सच्या साथीच्या वर्षी निम्मे परदेशी लोक पळाले, घरं ओस पडली. तेव्हा याच ब्लॉकमध्ये लोक हजार डॉलर भाड्याने राहत होते. बाराव्या मजल्यावरच्या पिल्लेकाकांनी स्वतः सांगितलं. तू किती देत होतास?"

उज्ज्वलने चष्मा पुसायला घेतला. "चौदाशे."

"कमी करा म्हणालास?"

"नाही."

"आणि गीझर कोणी बदलला? बाथरूमचा नळ?"

"आता एवढ्या तेवढ्यासाठी त्या म्हातारीला कशाला त्रास द्यायचा, रतन."

"दादा, तू भाडं भरतच नाहीस. तू दर महिन्याला उपकार फेडतोस."

शिवदासांनी डोळे किलकिले केले. पोरगा बोलला ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच लागणार होतं. थोरल्याची ती जुनी जखम त्यांना ठाऊक होती. लग्नानंतर उज्ज्वल आणि राणी पुण्यात, नदीच्या पलीकडे, खोली शोधत हिंडले होते. चांगली इंजिनीअरची नोकरी, हातात आगाऊ भाडं. घर दाखवायचे, चहा द्यायचे, मग विचारायचे, आडनाव काय? आणि आडनाव ऐकलं की ती खोली एकाएकी कुणाच्या तरी भाच्याला द्यायची ठरलेली निघायची. असे भाचे पुण्यात फार होते. शेवटी दोघं खडकीच्या क्वार्टरमध्येच परत आले, आणि स्वयंपाकघरात अंथरूण घालून झोपले.

म्हणून मग सिंगापूरला आल्यावर जे घडलं ते उज्ज्वलने फोनवर शंभर वेळा तरी सांगितलं होतं. एक म्हातारी चिनी बाई, आमच्या बॅगेतली बुद्धांची तसबीर बघून तिने हात जोडले, आणि आबा, तिने आडनावसुद्धा विचारलं नाही, किल्लीच दिली! त्या किल्लीची किंमत मग तो देतच राहिला. लोक गावाला घर बांधतात, याने इथे कृतज्ञतेचं घर बांधलं होतं आणि हप्ते काही संपत नव्हते.

"आणि त्यांना सोडून जायचं म्हणजे..." उज्ज्वल म्हणाला, "बरं दिसतं का ते? शिवाय घर घेतलं की पाय अडकले. आबा, तुम्हीच सांगा."

शिवदास तसे घराच्या विरोधातच होते. त्याला कारण होतं. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी विश्रांतवाडीला चार खोल्या बांधल्या, दोन दोन्ही मुलांच्या नावाने. 'घर पाहावं बांधून' म्हणतात त्याचा पुरेपूर अनुभव घेतला. वास्तूत राहायला गेले आणि वर्षभरात थोरला विमानात बसला. चार वर्षांनी धाकटा. आता त्या दोन खोल्यांत पापड वाळवतात आणि पाली राहतात.

"माझं मत विचारशील तर," ते म्हणाले, "घर म्हणजे चपलेसारखं असावं. पायाला बसतंय तोवर घालावं. आणि इथलं घर तर विकत घेऊनही नव्याण्णव वर्षांच्या लीजवरच, असं रतन म्हणतो. मग विकत काय आणि भाड्याने काय? सगळं अनित्यच."

"हो का?" वाट्यांचा ट्रे टेबलावर आदळत मीराबाई म्हणाल्या. "अनित्य असतं तर विश्रांतवाडीच्या फाटकावर स्वतःचं नाव संगमरवरात कशाला कोरून घेतलंत? आणि तेही दोनदा, पहिल्यांदा 'शि' ऱ्हस्व आहे की दीर्घ यावरून भांडून!"

रत्नदीपला ठसका लागला. शिवदास खिरीकडे वळले.

"नव्याण्णव वर्षं म्हणजे ऋचाच्या नातवंडांपर्यंत," मीराबाई म्हणाल्या. "तेवढं पुरे की. त्याच्यापुढचं त्यांचं ते बघतील. तुम्ही क्वार्टरमध्ये राहिलात, कंपनीचं होतं म्हणून बिनघोर राहिलात. सोडायच्या दिवशी साहेबाचा माणूस खिडक्यांच्या काचा मोजत होता आणि मी दारात उभी होते. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुम्ही टेम्पोपाशी होतात. मला दिसलं."

शिवदासांना खरंच ते माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत बायकोने हे कधी काढलं नव्हतं, आणि आता काढलं ते सुनेसाठी. त्यांनी एक घास खाल्ला. खिरीला धुराचा वास होता, पण आज बोलायची सोय नव्हती.

"खरं सांगू का," रत्नदीप जरा चाचरत म्हणाला, "भाडं चौदाशे राहिलं असतं तर मी दादाच्याच बाजूने होतो. पैसा मोकळा राहतो, उद्या पुण्याला परत जायचं म्हटलं तर उठलो आणि गेलो. पण दोन हजार म्हणजे सेम्बावांगच्या हप्त्याच्या दीडपट. आणि हप्ता बहुतेक त्याच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या फंडातूनच जाईल. आता भाड्याने राहणं महाग पडतंय, आबा. आणि दादा रोज बिशानहून सेम्बावांगच्या शिपयार्डला जातो. म्हणजे माणूस ऑफिसच्या दारात घर मिळत असताना लांब राहून भाडं भरतोय!"

"तू कालपर्यंत माझ्या बाजूला होतास ना?" उज्ज्वल म्हणाला.

"मी आकड्यांच्या बाजूला असतो. आकडे तिकडे गेले."

"मग बिशानमध्येच घ्या ना," आतून ऋचा बाहेर आली. तेरा वर्षांची पोर, हातात फोन, कानात एकच इअरफोन. "सेम्बावांग सो उलू लाह. आडरान आहे नुसतं. माझे सगळे फ्रेंड्स इथे आहेत."

"बिशानमध्ये बघितलं होतं की," राणी म्हणाली. "शेजारच्याच ब्लॉकमध्ये. एजंट म्हणाला, भारतीयांचा कोटा भरलाय."

हे ऐकताच शिवदासांना पुन्हा तेच हसू आलं, जे इथे यायच्या आधी ही बातमी फोनवर ऐकून आलं होतं आणि तेव्हा खोकल्यात संपलं होतं. सरकारी घरांच्या ब्लॉकमध्ये चिनी किती, मलय किती, भारतीय किती, याचं प्रमाण ठरलेलं. भारतीयांचा वाटा भरला की चिनी मालकाला भारतीयाला घर विकता येत नाही.

"अरे, जन्मभर ऐकून घेतलं, कोट्यातला, कोट्यातला," ते हसत हसत म्हणाले. "आणि इथे आपण सगळे एकाच कोट्यात! तो आडनाव विचारणारा पुण्यातला घरमालक इथे आला ना, तर तोही आपल्याच कोट्यात बसेल. आणि जागा भरली असेल तर त्यालाही नाही म्हणतील!"

सगळेच हसले, उज्ज्वलसुद्धा. हसता हसता त्याचे डोळे भरले ते फक्त राणीने पाहिलं.

"आबा, एक सांगा," ऋचा म्हणाली. "आपलं घर असेल तर मी माझी रूम पर्पल रंगवू शकते?"

"आपलं असेल तर काळी रंगव."

तिने थोडा विचार केला. "सेम्बावांगहून स्कूलला ट्रेन डायरेक्ट आहे. मग ओके लाह."

झालं. पोर फुटली, धाकटा फुटला, आणि शिवदासांना स्वतःचं काय झालंय ते नीटसं कळत नव्हतं. सगळ्यांनी उज्ज्वलकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात बेल वाजली.

*

मिसेस गोह नेहमीसारख्या दारातच चपला काढून, दोन्ही हातांनी डबा पुढे करत आल्या. व्हेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, दिवशी त्या शाकाहारी शेवया आणायच्या, आणि राणी त्यांना खीर द्यायची. हा रिवाज पहिल्या वर्षीपासूनचा. सत्तरीच्या आसपासची किरकोळ बाई, हातात हिरव्या दगडाची बांगडी. फ्रिजसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. "अमितोफो," त्या पुटपुटल्या. "नमो बुद्धाय," मीराबाई म्हणाल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघींचं छान चाललं होतं.

खिरीचा पहिला चमचा घेऊन मिसेस गोह थांबल्या. उज्ज्वलचा श्वासही थांबला.

"या वर्षी वेगळी आहे. धुरकट. मला आवडली," त्या त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या, आणि राणीने सासूकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मग त्यांनी पिशवीतून कराराचे कागद काढले. उज्ज्वलने खिशाचं पेन काढलं. सवयच ती. पेन उघडताना त्याला वाटलं, आपल्या पाठीला सगळ्यांच्या नजरा टोचतायत. पण या बाईला नाही कसं म्हणायचं? पुण्यात दारं लागत होती तेव्हा हिने उघडलं होतं.

"मिसेस गोह," राणीचा आवाज आला. "एक विचारू? सार्सच्या वर्षी सगळ्यांची भाडी उतरली. आमचं नाही उतरलं. असं का?"

उज्ज्वलला वाटलं, जमीन दुभंगावी. पण मिसेस गोहने नुसत्या भुवया उंचावल्या.

"तुम्ही विचारलंच नाही. बाकीचे भाडेकरू विचारतात, भांडतात, गीझरसाठी फोन करतात. तुम्ही कधीच नाही. मला वाटलं, कंपनी भरते. मोठे इंजिनीअर, कंपनीचे पैसे. कंपनीचे पैसे कशाला कमी करायचे?" मग त्यांनी उज्ज्वलकडे निरखून पाहिलं. "कंपनी भरत नाही?"

"नाही," उज्ज्वल म्हणाला.

"आय्यो!" मिसेस गोहने कपाळावर हात मारला. "तुमच्या खिशातून? मग विचारायचं ना लाह!"

रत्नदीप खिडकीतून बाहेर बघायला लागला. उज्ज्वलने पेनचं टोपण परत लावलं आणि परत काढलं.

"मी विचारलं नाही, कारण..." तो म्हणाला. इंग्रजीत हे सांगणं फार अवघड होतं. "तुम्ही आम्हाला घर दिलंत तेव्हा काहीच विचारलं नाहीत. आमच्या देशात आधी आडनाव विचारतात. तुम्ही फक्त बुद्धांना नमस्कार केलात आणि किल्ली दिलीत. ते मी विसरलो नाही."

मिसेस गोह गोंधळल्या. आठवायचा प्रयत्न करताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"तुमचं नाव तर मला आजही म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "विचारून काय करू? एजंट म्हणाला होता, इंडियन नको, भिंतीला मसाल्याचा वास लागतो. मलाही भीती वाटली. पण फ्लॅट चार महिने रिकामा पडला होता. तुम्ही म्हणालात, घेतो. भाव केला नाहीत. मी म्हटलं, ओके." त्या संकोचून हसल्या. "वाईट वाटलं? पण नंतर आवडलात हां. वास काही लागला नाही. लागला तरी चांगला आहे."

उज्ज्वलला आधी वाईट वाटलं, खरंच वाटलं. सहा वर्षं उराशी जपलेलं सोनं सोनाराने बघून पितळ म्हणून परत द्यावं तसं. मग त्याच्या लक्षात आलं की छातीवरचं काहीतरी उतरलंय. रिकाम्या फ्लॅटला भाडेकरू हवा होता, भाडेकरूला फ्लॅट. कोणी कुणावर उपकार केलेच नव्हते. या बाईच्या लेखी तो कधीही कुणाच्या मेहेरबानीवर राहिलेला माणूस नव्हताच. सरळ पैसे देऊन राहणारा, शिवाय जरा जास्तच देणारा, एक लांबलचक नावाचा इंडियन होता. उज्ज्वल हसायला लागला. शिवदासांना इंग्रजी पुरतं कळलं नव्हतं, पण मुलगा असा पोट धरून हसलेला त्यांनी तो बारावी पास झाला त्यानंतर पाहिला नव्हता, म्हणून तेही हसू लागले.

"मलाही एक विचारायचंय," मिसेस गोह म्हणाल्या. "सहा वर्षं विचारीन म्हणते. तुम्ही बुद्धांना फ्रिजवर का ठेवता? तुमची पद्धत आहे? मला बरं वाटत नाही बघून. पण मी म्हटलं, इंडियन पद्धत असेल, बोलू नये."

राणीचा चेहरा लाल झाला. "तुमच्या करारात लिहिलंय. खिळा ठोकायचा नाही."

"ते? ते सगळ्याच करारात असतं! एजंट घालतो. बुद्धांसाठी खिळा चालणार नाही का? ठोका! दोन ठोका! आत्ता ठोका!"

*

राणीला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की आपण रडू. किती वेळा तिने ते मनात ऐकलं होतं. आता ते खरोखर बोललं गेलं, मोफत, खिरीच्या वाटीसकट, आणि ती नुसतीच उभी राहिली. खाली बांबूवर कुणाचे तरी कपडे वाळत होते आणि दुपारचं ऊन हॉलच्या त्या कोऱ्या भिंतीवर पडलं होतं. ठोका म्हणे. मीराबाई तिच्याकडे बघत होत्या. ऋचाने आजीला भराभर मराठीत सांगितलं, आणि मीराबाई म्हणाल्या, "बघ बाई, मिळाली परवानगी."

परवानगी. तोच तो शब्द. खिळा मिळाला तरी परवानगी घेऊनच मिळाला. उद्या मिसेस गोहच्या मुलाने घर विकायचं ठरवलं तर तो खिळा काढून, भोक बुजवून, भिंत होती तशी करून द्यायची. राणीला खिळा नकोच होता. तिला न विचारणं हवं होतं.

"अहो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

उज्ज्वलने तिच्याकडे पाहिलं, आणि पेन खिशाला लावलं.

"मिसेस गोह," तो म्हणाला, "या वेळी आम्ही सही करत नाही. महिनाअखेर करार संपेल तोपर्यंत राहू. सेम्बावांगला एक फ्लॅट आहे. आम्ही तो घेतो." आपण 'नाही' म्हटलं आणि छत कोसळलं नाही, याचं त्यालाच नवल वाटत होतं.

राणीने डोळ्याला पदर लावला. मुकाट्याने लावता आला असता, पण मीराबाईंनी "रडतेस काय, वेडे!" म्हणून सगळ्यांना दाखवून दिलं, आणि मग त्याही रडल्या.

मिसेस गोह मात्र रडारडीच्या बाई नव्हत्या. त्यांनी कराराचे कागद पिशवीत कोंबले, खुर्ची पुढे ओढली आणि उलटतपासणी सुरू केली. कितवा मजला? पश्चिमेचं ऊन येतं का? लिफ्ट मजल्यावर थांबते की अर्धा जिना चढायचा? सरकारने ठरवलेल्या किमतीच्या वर रोख किती मागतोय? उज्ज्वलने आकडा सांगितला.

"त्याला वेड लागलंय का? तुम्ही भाव केलात?"

उज्ज्वलने पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"पुन्हा केला नाही!" मिसेस गोह शिवदासांकडे वळल्या, जणू हा वडिलांचाच दोष होता. "फोन नंबर द्या."

राणीने मिस्टर सिमचं कार्ड पुढे केलं. मिसेस गोहने ते हात लांब करून वाचलं. "सिम. शिपयार्ड. आमच्याच बोलीचा असेल." आणि त्यांनी फोन लावला.

पुढची दहाएक मिनिटं हॉलमध्ये जे चाललं ते कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांना समजलं. मिसेस गोह आधी गोड बोलल्या, मग खोटं खोटं हसल्या, मग आवाज चढला. एकदा त्यांनी खिरीच्या वाटीकडे बोट दाखवत काहीतरी कळवळून सांगितलं. "आपण गरीब आहोत असं सांगतेय ती," शिवदास कुजबुजले. "मंडईतली वाटते अगदी," मीराबाई कौतुकाने म्हणाल्या. रत्नदीप बोटांवर काहीतरी आकडे मोजत होता. उज्ज्वल मात्र फ्रिजला टेकून शांत उभा होता. ज्या बाईचे उपकार फेडायला त्याने सहा वर्षं भाव केला नव्हता, ती आता त्याच्यासाठी भाव करत होती. उपकार झाले असतील तर ते आत्ता होत होते, आणि गंमत म्हणजे त्यांचं ओझं वाटत नव्हतं.

"अर्ध्यावर आणलं," फोनवर हात ठेवून मिसेस गोह म्हणाल्या. "वरची रोकड अर्धी. अजून कमी झाली असती, पण तो म्हणतो, एक बाई येऊन भिंतीला हात लावून गेली, तिलाच द्यायचंय. तुम्ही होतात? असं नाही करायचं लाह! घर आवडलंय हे मालकाला दाखवायचं नाही!"

राणी ओशाळून हसली.

"आणखी एक विचारतोय. भिंतीवरचे फोटो तो मुलीकडे नेणार. खिळे काढून, भोकं बुजवून, रंग लावून द्यायचं म्हणतो. त्याच्या खर्चाने. चांगला माणूस आहे. हो म्हणू ना?"

"नको," राणी इतक्या जोरात म्हणाली की फोनपलीकडच्या मिस्टर सिमलाही ते ऐकू गेलं असावं. "खिळे राहू देत म्हणावं. एकही काढू नका."

मिसेस गोहने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे, आणि फोनवर हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"राणी काय म्हणाली?" मीराबाईंनी ऋचाला विचारलं. ऋचाने सांगितलं.

"किती आहेत विचार," मीराबाई म्हणाल्या.

प्रश्न मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून त्या बोलीत गेला आणि त्याच वाटेने परत आला. मिस्टर सिम उठून भिंतीपाशी जाऊन बघून आले होते. अकरा.

"अकरा!" मीराबाईंनी सुनेकडे पाहिलं. "दोन तसबिरींना दोन. बाकीच्या नवांचं काय करशील गं?"

"काही नाही," राणी म्हणाली, आणि मिसेस गोहच्या वाटीत आणखी खीर वाढली. "असू देत तसेच."